जेम्स लाँगस्ट्रीट आणि हरलेल्या बाजूचे सेनानी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या यादवी युद्धावर (१८६१ ते १८६५) मराठीत काहीही लिहिलं की वाचकांचे सर्वाधिक प्रश्न एका माणसाभोवती फिरतात: दक्षिणेचा लेफ्टनंट जनरल जेम्स लाँगस्ट्रीट. कुणी चित्रपट पाहून विचारतं, कुणी गेटिसबर्गला जाऊन आल्यावर. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला सोपे आहेत, पुढे अडचणीचे. एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. कॉन्फेडरेट म्हणजे कुठली बाजू? भांडण नक्की कशावरून होतं?

अब्राहम लिंकन निवडून आल्यावर डिसेंबर १८६० पासून दक्षिणेतली राज्यं अमेरिकेच्या संघराज्यातून फुटू लागली. शेवटी ती अकरा झाली. त्यांनी स्थापलेल्या देशाची फौज ती कॉन्फेडरेट आणि लिंकनच्या सरकारची ती युनियन.

‘भांडण राज्यांच्या हक्कांचं होतं, गुलामगिरीचं नव्हतं’ असं बरेच जण लिहून पाठवतात. फुटलेल्या राज्यांचे स्वतःचे ठराव वाचले तर हा दावा टिकत नाही. आपली भूमिका गुलामगिरीशी पूर्णपणे जोडलेली आहे, असं मिसिसिपीच्या जाहीरनाम्यात अगदी सुरुवातीलाच म्हटलं आहे. मार्च १८६१ मध्ये सव्हाना इथल्या भाषणात दक्षिणेचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीव्हन्स यांनी काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, हीच आपल्या राज्याची कोनशिला असल्याचं सांगितलं. हक्क हवा होता तो माणसं मालकीची ठेवण्याचा.

२. लाँगस्ट्रीट कोण होता, थोडक्यात सांगाल का?

जन्म ८ जानेवारी १८२१, साउथ कॅरोलिना, बालपण जॉर्जियात. काका ऑगस्टस लाँगस्ट्रीट वकील, लेखक आणि गुलामगिरीचे उघड समर्थक. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून तो १८४२ मध्ये बाहेर पडला, ५६ जणांत ५४वा. एका वर्षाने मागे असलेला युलिसिस ग्रँट तिथेच त्याचा मित्र झाला. पुढे ग्रँटने लग्न केलं तेही लाँगस्ट्रीटच्या नात्यातल्या ज्युलिया डेंटशी. मेक्सिकोच्या युद्धात १८४७ मध्ये चापुल्तेपेकच्या किल्ल्यावर चढताना पलटणीचं निशाण त्याच्या हातात होतं. मांडीत गोळी लागली तेव्हा ते त्याने जॉर्ज पिकेटच्या हाती दिलं. ग्रँट आणि पिकेट ही दोन्ही नावं पुढे परत येतील.

यादवी युद्धात तो व्हर्जिनियातल्या दक्षिणेच्या फौजेचा सेनापती रॉबर्ट ली याचा सर्वांत ज्येष्ठ दुय्यम सेनापती होता. ऑक्टोबर १८६२ मध्ये लेफ्टनंट जनरलपद मिळालं तेव्हा त्याची तारीख मुद्दाम लीच्या दुसऱ्या दुय्यम सेनापतीच्या, स्टोनवॉल जॅक्सनच्या, एक दिवस आधीची ठेवली गेली.

३. देशाच्या सैन्याची शपथ घेतलेला अधिकारी विरुद्ध बाजूला गेलाच कसा?

राजीनामा देऊन. १८६१ मध्ये लाँगस्ट्रीट न्यू मेक्सिकोत पगार वाटपाचा अधिकारी होता, हुद्दा मेजर. आपलं राज्य जाईल तिकडे जायचं, हा त्याच्यासारख्या अनेकांचा हिशेब होता.

मात्र ‘दुसरा मार्गच नव्हता’ हे मला पटत नाही. लीप्रमाणेच व्हर्जिनियाचा असलेला जॉर्ज थॉमस युनियनमध्ये राहिला आणि घरच्यांनी त्याच्याशी संबंध तोडले. विनफिल्ड स्कॉट हा तर युद्ध सुरू झालं तेव्हा युनियनचा सरसेनापती होता, तोही व्हर्जिनियाचा. मार्ग होता, तो धरायला किंमत मोजावी लागत होती.

४. युद्धकाळात अशा अधिकाऱ्याचं रोजचं आयुष्य कसं असायचं?

लढाईचे दिवस वर्षात थोडे. बाकीचा काळ चालणं, छावणी, घोड्यांचा चारा, बूट आणि धान्य मिळवणं, आणि अखंड कागदपत्रं. लाँगस्ट्रीटभोवती मॉक्सली सॉरेलसारखे तरुण मदतनीस अधिकारी होते. हुकूम लिहिणं आणि घोड्यावरून पोचवणं त्यांचं काम. पगार कागदावर बरा होता, पण दक्षिणेचं चलन इतक्या वेगाने घसरलं की शेवटच्या वर्षात त्या नोटांना फारसा अर्थ उरला नाही. आणि एक गोष्ट जुन्या आठवणींच्या पुस्तकांत ओझरती येते, ती इथे स्पष्ट लिहितो: स्वयंपाक, कपडे, घोडे ही कामं छावणीत बहुतेक वेळा गुलाम करत.

सेनानी म्हणून लाँगस्ट्रीटचा भर बचावावर होता. चांगली जागा धरायची, खंदक खोदायचे, शत्रूला अंगावर येऊ द्यायचं. १३ डिसेंबर १८६२ रोजी फ्रेडरिक्सबर्गला मेरीज हाइट्स टेकडीच्या पायथ्याशी दगडी भिंतीआड त्याचे सैनिक होते. युनियनच्या लाटांमागून लाटा आल्या आणि एकही भिंतीपर्यंत पोचली नाही. तो दिवस त्याच्या डोक्यातून गेला नाही. गेटिसबर्गचं कोडं सोडवताना हे लक्षात ठेवा (प्रश्न ६).

५. त्याची मुलं युद्धात गेली का?

युद्धात नाही, साथीत. जानेवारी १८६२ मध्ये रिचमंडला स्कार्लेट फिव्हरची साथ आली आणि एका आठवड्याभरात त्याची तीन मुलं दगावली. मोठा मुलगा गारलँड कसाबसा वाचला. दुःखाने खचलेल्या आईवडिलांना अंत्यविधीचं बघणंही शक्य नव्हतं. ते सहकाऱ्यांनी पाहिलं. त्याआधी लाँगस्ट्रीटच्या तंबूत पत्त्यांचे डाव रंगायचे. रिचमंडहून परतलेला माणूस अबोल होता आणि देवाधर्माकडे वळलेला. त्याच्या तुटक बोलण्याचे पुढे अनेकांनी वाईट अर्थ काढले, त्यांनी या जानेवारीचा विचार केलेला दिसत नाही.

६. गेटिसबर्गला त्याने लीचा हुकूम मोडला होता का?

नाही. हुकूम चुकीचा आहे असं तोंडावर सांगितलं आणि मग तो पाळला.

लढाई १ ते ३ जुलै १८६३, पेनसिल्व्हेनियात. युनियनचं सैन्य उंचवट्यावर पक्कं बसलं होतं. लाँगस्ट्रीटचं म्हणणं: समोरून धडकू नका, शत्रूच्या डाव्या बाजूने वळसा घालून त्यांच्या आणि वॉशिंग्टनच्या मधे जागा धरा, म्हणजे त्यांनाच आपल्यावर चालून यावं लागेल. लीने ते मानलं नाही. २ जुलैचा हल्ला दुपारी चारच्या सुमारास सुरू झाला. उशिराची कारणं दोन: एक ब्रिगेड येईपर्यंत थांबायची लीकडून घेतलेली परवानगी, आणि शत्रूच्या टेहळणीला दिसू नये म्हणून अर्ध्या वाटेतून माघारी फिरून घेतलेला लांबचा रस्ता. पण त्या दिवशी तो नाराज होता आणि ती नाराजी त्याच्या कामाच्या गतीत उतरली, असं माझं मत आहे. त्याच्या बाजूने लिहिणारे हे टाळतात. टाळू नये.

३ जुलैला सुमारे १२,५०० सैनिकांनी उघड्या शेतांतून एक किलोमीटरहून जास्त चालत जायचं होतं. हे होणार नाही, असं त्याने लीला सांगितलं. तोफांचा मारा संपत आल्यावर हल्ल्यातल्या एका डिव्हिजनचा प्रमुख पिकेट विचारायला आला, ‘निघू का?’ लाँगस्ट्रीटला शब्द फुटला नाही. त्याने फक्त मान झुकवली. गेलेल्यांपैकी जवळपास निम्मे मेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. ‘सूर्योदयाचा हुकूम’ मोडल्याचा आरोप वेगळा आहे, तो प्रश्न १२ मध्ये.

७. त्याला स्वतःच्याच सैनिकांनी गोळी घातली हे खरं आहे का?

खरं आहे, चुकून घातली. ६ मे १८६४, व्हर्जिनियातलं विल्डरनेसचं रान. दाट झाडी, धूर, आणि यशस्वी ठरत असलेला हल्ला. त्या गोंधळात दक्षिणेच्याच एका तुकडीने गोळीबार केला. सोबतचा जनरल मायका जेंकिन्स मेला. लाँगस्ट्रीटच्या गळ्यातून आणि उजव्या खांद्यातून गोळी गेली. मागे नेताना तोंडावर टोपी ठेवली होती. तो मेला असं सैनिकांना वाटतंय हे कळल्यावर त्याने डाव्या हाताने ती उचलून दाखवली. आदल्या वर्षीच्या मे महिन्यात स्टोनवॉल जॅक्सनलाही तिथून काही मैलांवर आपल्याच लोकांची गोळी लागली होती. तो वाचला नाही. लाँगस्ट्रीट ऑक्टोबरमध्ये परतला. उजवा हात निकामी झालेला, म्हणून तो डाव्या हाताने लिहायला शिकला. आवाज मात्र कायमचा बसला. पुढे भाषणांतून त्याच्यावर आरोप झाले तेव्हा भर सभेत उत्तर द्यायला त्याच्याकडे आवाज नव्हता.

८. हरल्यावर या अधिकाऱ्यांना फाशी का दिली नाही?

९ एप्रिल १८६५ रोजी व्हर्जिनियातल्या ॲपोमॅटॉक्सला ली शरण आला, तेव्हा युनियनचा सरसेनापती झालेल्या ग्रँटने त्याला दिलेल्या अटींमुळे. शस्त्रं खाली ठेवा, पुन्हा लढणार नाही असं वचन द्या, घरी जा. वचन पाळाल तोवर सरकार हात लावणार नाही. अधिकाऱ्यांना स्वतःची पिस्तुलं, तलवारी आणि घोडे ठेवता आले. नंतर राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनच्या काळात लीवर देशद्रोहाचा खटला भरायची हालचाल झाली तेव्हा ग्रँट या वचनावर अडून बसला. अँडरसनव्हिलच्या युद्धकैद्यांच्या छावणीचा हेन्री वर्झ फासावर गेला, तो कैद्यांच्या छळाबद्दल.

शरणागतीच्या तपशिलांसाठी लीने नेमलेल्या तिघांत लाँगस्ट्रीट होता. तिथे ग्रँटने त्याला सिगार दिला आणि जुन्या दिवसांसारखा पत्त्यांचा डाव टाकू या म्हणाला, असं लाँगस्ट्रीटने पुढे सांगितलं आहे.

९. फाशी नाही म्हणजे माफी मिळाली, असंच ना?

नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मे १८६५ च्या सार्वत्रिक माफीतून मोठे हुद्देदार, वेस्ट पॉइंटला शिकून बंडात गेलेले आणि २०,००० डॉलरहून अधिक मालमत्ता असलेले श्रीमंत बंडखोर वगळले होते. त्यांनी स्वतंत्र अर्ज करायचा. लाँगस्ट्रीट जॉन्सनला भेटला, ग्रँटने शिफारस केली. दक्षिणेतल्या तिघांना माफी कधीच मिळणार नाही, जेफरसन डेव्हिस (दक्षिणेचा राष्ट्राध्यक्ष), ली आणि तुम्ही, असं जॉन्सनने उत्तर दिल्याचं लाँगस्ट्रीटने नोंदवलं आहे. अखेर जून १८६८ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, त्याचे राजकीय हक्क परत केले. लीचं नागरिकत्व मात्र १९७५ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी बहाल झालं.

१०. मग दक्षिणेतले लोक त्याच्यावर इतके का चिडले? एका पराभवासाठी?

पराभवासाठी नाही. १८६५ ते १८६७ या काळात तो दक्षिणेचा लाडका होता. न्यू ऑर्लिन्समध्ये जुन्या सहकाऱ्यांबरोबर कापसाची दलाली चांगली चालली होती, एका विमा कंपनीचं अध्यक्षपदही मिळालं होतं.

मार्च १८६७ मध्ये काँग्रेसने पुनर्रचनेचे कायदे केले: दक्षिण लष्करी अंमलाखाली, काळ्या पुरुषांना मतदान, नव्या राज्यघटना. यावर काय करावं, असं तिथल्या वृत्तपत्रांनी प्रमुख मंडळींना विचारलं. लाँगस्ट्रीटने पत्रं लिहिली. आपण हरलो आहोत, जिंकणाऱ्याचा कायदा तोच कायदा, तो मान्य करून रिपब्लिकन पक्षाबरोबर, म्हणजे लिंकनच्या पक्षाबरोबर, काम करू या. काकांनी आधीच बजावलं होतं की छापलंस तर तुझा सत्यानाश होईल. जूनमध्ये पत्र छापून आलं, आणि ओळखीचे लोक रस्त्यात तोंड फिरवू लागले, धंदा बसला, धमक्या आल्या. मार्च १८६९ मध्ये ग्रँट राष्ट्राध्यक्ष झाला आणि त्याने लाँगस्ट्रीटला न्यू ऑर्लिन्स बंदराच्या जकात खात्यात मोठं पद दिलं. ‘विकला गेला’ हा शिक्का तेव्हा पक्का झाला. गेटिसबर्गचं खापर त्याच्या डोक्यावर फुटलं ते या सगळ्यानंतर. हा क्रम ध्यानात घेतला नाही तर त्याचं उरलेलं आयुष्य कळत नाही.

११. तो स्वतःच्या जुन्या सैनिकांविरुद्ध लढला होता का?

होय, १४ सप्टेंबर १८७४ रोजी, न्यू ऑर्लिन्सच्या कॅनॉल स्ट्रीटवर. लुइझियानाचं रिपब्लिकन सरकार काळ्या मतदारांच्या बळावर उभं होतं. ते उलथवायला ‘व्हाइट लीग’ ही सशस्त्र संघटना निघाली. तिच्यात जुने कॉन्फेडरेट सैनिक भरपूर. समोर राज्याचे पोलीस आणि मिलिशिया (राज्याचं नागरी सैन्य), त्यांत काळे सैनिक मोठ्या संख्येने, आणि त्यांच्या नेतृत्वात ५३ वर्षांचा लाँगस्ट्रीट. सरकारी बाजू मोडली. तो घायाळ होऊन पकडला गेला. लीगने शहर काबीज केलं, पण ग्रँटने लष्कर पाठवल्यावर काही दिवसांत सोडलं.

१८९१ मध्ये शहरात लीगच्या गौरवार्थ स्तंभ उभारला गेला. तो २०१७ मध्ये हटवला. लाँगस्ट्रीटच्या बाजूने मेलेल्या काळ्या शिपायांसाठी मात्र त्या काळात कुणी दगडही लावला नाही.

१२. ‘सूर्योदयाच्या हल्ल्याचा हुकूम’ हे काय प्रकरण आहे?

२ जुलैला पहाटेच हल्ला कर, असं लीने सांगितलं होतं आणि लाँगस्ट्रीटने मुद्दाम उशीर केला, असा आरोप. ऑक्टोबर १८७० मध्ये ली वारला आणि त्यानंतरच हा पुढे आला. जानेवारी १८७२ मध्ये दक्षिणेचाच जनरल जुबल अर्ली याने भाषणात दोष लाँगस्ट्रीटवर टाकला. पुढच्या वर्षी लीच्या तोफखान्याचा प्रमुख विल्यम पेंडलटन याने सूर्योदयाच्या हुकमाचं थेट विधान केलं. लाँगस्ट्रीटने लीच्या मदतनीस अधिकाऱ्यांना पत्रं लिहून विचारलं. असा हुकूम आपल्याला माहीत नाही, अशी त्यांची लेखी उत्तरं आली आणि त्याने ती प्रसिद्ध केली. हयातीत लीने असं कधी जाहीर म्हटलं नव्हतं. अँटिटमच्या लढाईच्या संध्याकाळी तर त्याने लाँगस्ट्रीटला ‘माझा जुना युद्धाश्व’ म्हणून जवळ घेतलं होतं.

तरी आरोप टिकला, कारण तो सोयीचा होता. ली निर्दोष राहतो, दक्षिणेचं शौर्य निर्दोष राहतं, आणि पराभवाला असा गुन्हेगार मिळतो ज्याने पुढे काळ्यांच्या बाजूने उभं राहण्याचा ‘गुन्हा’ही केला. गेटिसबर्गला पहिल्या दिवशी संध्याकाळी सिमेट्री हिल या टेकडीवर न चढल्याबद्दल अर्लीलाही उत्तर द्यायचं होतं, हे विसरू नये.

१३. म्हणजे लाँगस्ट्रीट वर्णद्वेषविरोधी नायक होता, असं म्हणायचं का?

इतक्या घाईने म्हणू नये. पेनसिल्व्हेनियातल्या मोहिमेत दक्षिणेच्या सैन्याने काळ्या माणसांना, जन्मतः स्वतंत्र असलेल्यांनासुद्धा, पकडून गुलामगिरीत नेलं. पकडलेल्यांना बरोबर घेऊन या, असं पिकेटला कळवणारं १ जुलै १८६३ चं पत्र लाँगस्ट्रीटच्याच मुख्यालयातून, सॉरेलच्या सहीने गेलं होतं. १८६७ च्या पत्रांमागेही एक विचार असा होता की आपण पक्षात शिरलो तर काळ्यांच्या मतांवर गोऱ्यांचा ताबा राहील.

पण पुढच्या सात वर्षांत तो या हिशेबापलीकडे गेला. त्याच्या हाताखालच्या मिलिशियात काळे अधिकारी होते आणि त्यांच्या बाजूने तो बंदुकीसमोर उभा राहिला. १८६३ चं पत्र आणि १८७४ चा कॅनॉल स्ट्रीट, दोन्ही त्याच्याच नावावर आहेत. एकाने दुसरं पुसलं जात नाही.

१४. इतर अधिकाऱ्यांनी पुढे काय केलं?

ली लेक्सिंग्टनच्या कॉलेजचा अध्यक्ष झाला. अर्ली मेक्सिको, क्यूबा, कॅनडा फिरून परतला आणि मरेपर्यंत जुनी लढाई शब्दांनी लढला. जॉन गॉर्डन सिनेटर आणि जॉर्जियाचा गव्हर्नर. नेथन फॉरेस्ट कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या दहशतवादी संघटनेचा म्होरक्या. विल्यम लोरिंगसारखे काही इजिप्तच्या खेदिवाच्या (तिथल्या शासकाच्या) फौजेत गेले. विल्यम महोन याने व्हर्जिनियात काळ्या आणि गोऱ्या मतदारांची आघाडी बांधून काही वर्षं सत्ता मिळवली. लाँगस्ट्रीट अगदीच एकटा नव्हता हे त्यावरून कळतं. गनिमी लढाईसाठी गाजलेला जॉन मॉस्बीही ग्रँटचा समर्थक झाला आणि हाँगकाँगला अमेरिकेचा वाणिज्यदूत म्हणून गेला.

१५. लाँगस्ट्रीटची गुजराण कशावर चालली? पेन्शन होती का?

कॉन्फेडरेट सेवेबद्दल संघ सरकारची पेन्शन नव्हती. गरजू सैनिकांना दक्षिणेतल्या राज्यांनी नंतर आपापल्या तिजोरीतून काही दिलं. लाँगस्ट्रीट सरकारी नेमणुकांवर जगला: तुर्कस्तानात अमेरिकेचा राजदूत (१८८०-८१), मग उत्तर जॉर्जियाचा मार्शल (संघ न्यायालयाचे हुकूम बजावणारा अधिकारी), शेवटी रेल्वे आयुक्त. १८७५ मध्ये तो जॉर्जियातल्या गेन्सव्हिलला स्थायिक झाला. तिथे हॉटेल चालवलं, टेकडीवर पायऱ्या खणून द्राक्षं लावली. ९ एप्रिल १८८९ रोजी, शरणागतीच्याच तारखेला, घर जळलं आणि कागदपत्रं, जुना गणवेश सगळं गेलं. आत्मचरित्र १८९६ मध्ये निघालं. त्यात कडवटपणा बराच आहे आणि काही दावे त्याने वाढवून केले आहेत. विरोधकांनी नेमके तेच उचलले.

१६. त्याची पत्नी १९६२ पर्यंत जिवंत होती, हे कसं शक्य आहे?

पहिली पत्नी लुईस १८८९ मध्ये वारली. १८९७ मध्ये ७६ वर्षांच्या लाँगस्ट्रीटने ३४ वर्षांच्या हेलन डॉर्चशी लग्न केलं. गेटिसबर्गची लढाई झाली तेव्हा हेलन काही महिन्यांची होती. नवऱ्याच्या बचावासाठी तिने पुस्तक लिहिलं, दुसऱ्या महायुद्धात ऐंशीच्या घरात असताना मॅरिएटाच्या विमान कारखान्यात काम केलं आणि १९५० मध्ये वर्णभेदाचा पुरस्कर्ता हर्मन टालमेज याच्याविरुद्ध जॉर्जियाच्या गव्हर्नरपदासाठी उभी राहिली. हरली, पण उभी राहिली.

१७. या युद्धाचा महाराष्ट्राशी काही संबंध आहे का?

दोन ठिकाणी आहे. पहिला कापसाचा. युनियनच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं रोखली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. वऱ्हाड, खानदेशात कपाशीचा पेरा वाढला, मुंबईत प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्यांच्या भोवती शेअरचा सट्टा उसळला, बॅकबेच्या भरावाच्या कंपन्या निघाल्या. १८६५ मध्ये शरणागतीची बातमी आली आणि भाव कोसळले. कंपन्या बुडाल्या, पुढे जुनी बँक ऑफ बॉम्बेही बंद झाली. लाँगस्ट्रीट न्यू ऑर्लिन्समध्ये ज्या कापसाची दलाली करत होता, तोच कापूस बाजारात परतल्याने इथली तेजी ओसरली.

दुसरा संबंध मला जास्त मोलाचा वाटतो. महात्मा जोतिराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी गोऱ्या टोळीने काळ्या नागरिकांची कत्तल केली, त्यातले कितीतरी शरण आल्यावर मारले गेले. पुण्यात ज्या मुक्तीला वंदन होत होतं, ती टिकवण्याची लढाई तिकडे अजून चालूच होती.

१८. गेटिसबर्गला जाणार आहोत. लाँगस्ट्रीटशी संबंधित काय पाहावं?

न्यू जर्सी, मेरीलँडमधले मराठी वाचक हे नेहमी विचारतात. त्याचा पुतळा वेस्ट कॉन्फेडरेट ॲव्हेन्यूवर, पिट्झर्स वुड्समध्ये आहे. तो १९९८ मध्ये बसला, इतर सेनानींच्या पुतळ्यांपेक्षा फार उशिरा. चौथरा नाही, घोडा जमिनीवरच आहे, त्यामुळे झाडांत चुकतो. नंतर व्हर्जिनियाच्या स्मारकापासून समोरच्या दगडी भिंतीपर्यंत, ३ जुलैच्या हल्ल्याच्या वाटेने (प्रश्न ६), पायी चाला. मधे जमीन किती वर-खाली होते ते गाडीतून कळत नाही. जुलैत जात असाल तर पाणी भरपूर घ्या.

त्याची कबर तिथे नाही. २ जानेवारी १९०४ रोजी तो गेन्सव्हिलला वारला. अंत्यविधीला फुलं पाठवायलाही काही कॉन्फेडरेट स्मृतिसंस्थांनी नकार दिला. दफन तिथल्याच अल्टा व्हिस्टा दफनभूमीत आहे. अटलांटाहून ईशान्येला गाडीने तास-सव्वा तास लागतो, आणि त्याच्या हॉटेलचा उरलेला भागही त्याच गावात पाहता येतो.